एकच निष्पक्ष साइट सांगा, म्हणजे घरातली भांडणं मिटतील

पत्र :

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. सासरे, म्हणजे आमचे आबा, तरुणपणी मुंबईत नोकरीला होते, तेव्हापासूनचे शिवसैनिक. धाकटे भाऊजी जून 2022 पासून शिंदेसाहेबांच्या बाजूचे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघंही सकाळपासून बातम्यांच्या लिंका टाकतात, बहुतेक वेळा न उघडताच. गौरी-गणपतीत वाद इतका वाढला की भाऊजी भरल्या ताटावरून उठून पुण्याला निघून गेले. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद आहे.

दुसरी गोष्ट थोरल्या जाऊबाईंची. सप्टेंबर 2025 मध्ये त्यांनी मोबाइलवर 'लाडक्या बहिणींनो, शेवटचे काही तास, नाहीतर पैसे बंद' असं वाचलं. सोयाबीनची काढणी टाकून तालुक्याला महा ई-सेवा केंद्रात गेल्या आणि दिवसभर रांगेत उभ्या राहिल्या. ओटीपी आलाच नाही. रोज बुडाला तो बुडालाच. मुदत दोन महिन्यांची होती, हे नंतर कळलं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे घरात आणि गावात सगळे मलाच विचारतात, "बाई, यातलं खरं काय?" मला एकच निष्पक्ष न्यूज साइट सांगा. आणि मिस्टर म्हणतात तसा मी तो ग्रुप सोडू का?

एक शिक्षिका, जि. सातारा

उत्तर :

ताई,

साइटचं नाव मी सांगणार नाही. सगळे सारखेच असतात असं मला वाटतं म्हणून नव्हे. काही साइट पुष्कळ बऱ्या आहेत आणि काही खरोखर वाईट आहेत. पण मी एक नाव दिलं की आबा किंवा भाऊजी यांपैकी कोणीतरी एक जण दुपारच्या आत ती साइट 'त्यांची' ठरवेल, आणि तुमच्या घरात भांडायला आणखी एक विषय येईल. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. तुम्ही एकाच पत्रात दोन वेगळी दुखणी लिहिली आहेत. आबा आणि भाऊजी अडकलेत ते पक्षपातात. जाऊबाईंचा रोज बुडाला तो पोकळ मथळ्यामुळे. पक्षपाती बातमीसोबत जगता येतं, ती वाचायला शिकता येतं. पोकळ मथळ्याला मात्र घरात थाराच देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून आधी जाऊबाईंचं बघू.

महिला व बाल विकास विभागाचा शासन निर्णय 18 सप्टेंबर 2025 चा. लाडकी बहीण योजनेच्या सगळ्या लाभार्थींनी दोन महिन्यांत ई-केवायसी (म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं) करावं, एवढीच बातमी. ही मुदतसुद्धा पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढली. म्हणजे जाऊबाई रांगेत उभ्या होत्या त्या दिवशी कोणाचेही 'शेवटचे तास' चालू नव्हते. मग तो मथळा आला कुठून?

मी काही वर्षं एका न्यूज साइटच्या वेब डेस्कवर काम केलं आहे, म्हणून सांगते. पान उघडलं तर जाहिरात दिसते, जाहिरात दिसली तर साइटला पैसे मिळतात. 'ई-केवायसीला दोन महिन्यांची मुदत' असं मथळ्यातच लिहिलं तर बातमी तिथेच संपते, वाचकाला आत यायचं कारण उरत नाही. म्हणून मथळ्यातून नेमकी तीच माहिती उचलून घेतात. 'मुदत जाहीर, शेवटची तारीख कोणती?' असं होतं. 'हे एक काम केलं नाही तर हप्ता विसरा' असं होतं, आणि ते काम कोणतं हे कळायला चार जाहिराती ओलांडून सातव्या परिच्छेदापर्यंत जावं लागतं. मोबाइलवर गूगल डिस्कव्हरमध्ये, म्हणजे गूगल आपणहून दाखवतं त्या बातम्यांच्या यादीत, वाचकाला दिसतो फक्त फोटो आणि मथळा, आणि मराठी साइटना त्या वाटेने फार मोठा वाचक मिळतो. तेव्हा सगळी भिस्त त्या एका ओळीवर. ओळीने घाबरवलं की बोट लागतं. दीड हजार रुपयांवर जिचं महिन्याचं तेल-मीठ आणि पोरांच्या वह्या अवलंबून आहेत, ती बाई सगळ्यात लवकर घाबरते. तिची ही भीती कोणीतरी हिशेबात धरलेली असते, आणि याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. राजकीय नेत्याच्या नावाने कोणी काही लिहिलं तर त्याचे कार्यकर्ते तरी भांडायला उभे राहतात. जाऊबाईंचा बुडालेला रोज कोणाच्याच हिशेबात येत नाही.

डेस्कवर बसलेली मुलं वाईट असतात असं समजू नका. पत्रकारितेचा अभ्यासक्रम करून आलेली विशी-पंचविशीतली पोरं असतात. शिफ्टमध्ये इतक्या बातम्या गेल्याच पाहिजेत असा आकडा ठरलेला असतो, आणि कोणाच्या बातमीला किती वाचक आले हे समोरच्या पडद्यावर सतत दिसत असतं. मंत्रालयात फोन करून खात्री करायला त्यांना उसंत नसते. पण उसंत नसणं हे मालकाचं कारण झालं. वाचकाने ते ऐकून घ्यायची गरज नाही.

योजनांच्या बातम्यांपुरता उपाय सोपा आहे आणि तो तुमच्या हातात आहे. पैसे, मुदत, कागदपत्रं, पात्रता यांपैकी कशाचीही बातमी आली की तिच्यात शासन निर्णयाची तारीख आहे का, ते पाहायचं. नसेल तर ती बातमी वाचली नाही असं समजायचं. असेल तर महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांचा वेगळा विभाग आहे. तिथे विभाग आणि तारीख टाकली की मूळ कागद मराठीतच मिळतो. भाषा सरकारी असते, पण शाळेतली परिपत्रकं वाचणाऱ्या बाईंना ती जड जाणार नाही. आणि अर्ज किंवा आधार क्रमांक भरायचा असेल तर पत्त्याच्या शेवटी 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' आहे ना, हे बघूनच. त्या ई-केवायसीच्या काळात हुबेहूब दिसणाऱ्या नकली साइटही फिरत होत्या. घाबरवणाऱ्या मथळ्याने धावत सुटलेला माणूस अशा ठिकाणी सहज सापडतो.

आता आबा आणि भाऊजी.

तुम्हाला मी एक दिवस आठवायला सांगते : 11 मे 2023. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाचा निकाल दिला. न्यायालयाने म्हटलं की राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी उद्धव ठाकरे यांना बहुमत सिद्ध करायला सांगितलं, तेव्हा तसं करण्याइतका आधार त्यांच्यासमोर नव्हता. शिंदे गटाचे भरत गोगावले यांना प्रतोद (पक्षाचा आदेश आमदारांना बजावणारा) म्हणून विधानसभा अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा ठरवली. त्याच निकालात न्यायालयाने असंही म्हटलं की ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, त्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येणार नाही, आणि त्यानंतर शिंदे यांना राज्यपालांनी बोलावलं ते योग्यच होतं. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांनी वाजवी वेळेत घ्यावा, असं सांगून तो प्रश्न तिकडे पाठवला.

त्या संध्याकाळी दोन्ही बाजूंनी आपलाच विजय झाल्याचं सांगितलं. तुमच्या घरीही बहुधा तेच झालं असेल. आबांकडे 'राज्यपालांचा निर्णय चुकीचा' अशा मथळ्याची लिंक आणि भाऊजींकडे 'शिंदे सरकार वाचलं' अशी. यातला एकही मथळा खोटा नव्हता. निकालातली पहिली दोन वाक्यं एकाने घेतली, पुढची दोन दुसऱ्याने. पक्षपात बहुतेक वेळा असाच असतो. खोटं लिहावं लागत नाही, निवडलं की पुरतं. आणि या निवडीत जे राहून गेलं ते सगळ्यांत मोठं होतं : मूळ प्रश्नाचा निकाल त्या दिवशी लागलाच नव्हता, तो अध्यक्षांकडे गेला होता. विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी तो निर्णय 10 जानेवारी 2024 ला दिला, तोही सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यावर. शिंदे यांचीच शिवसेना खरी, आणि दोन्हींकडचा एकही आमदार अपात्र नाही. मधले आठ महिने आबा आणि भाऊजी अर्धा अर्धा निकाल घेऊन भांडत होते.

निवडीनंतर येतात क्रियापदं. आपल्या बाजूचा नेता 'स्पष्टच बोलतो', समोरचा 'बरळतो'. आपल्याकडचा 'सुनावतो', तिकडचा 'थयथयाट करतो'. आपल्या सभेला 'जनसागर उसळतो', त्यांच्या सभेला 'माणसं आणली जातात'. पाचवीच्या वर्गात तुम्ही विशेषणं काढून वाक्य पुन्हा लिहायला सांगत असाल, तसं एकदा या बातम्यांचं करून बघा. 'अमुक यांनी तमुक यांच्यावर टीका केली' एवढंच हाती लागतं. रोज सकाळी कोणीतरी नेता माध्यमांसमोर पंधरा-वीस मिनिटं बोलतो, त्यातून पाच-सहा 'बातम्या' निघतात. दुपारी त्याला दुसरा उत्तर देतो, त्यातून आणखी पाच-सहा. कोणताही निर्णय झालेला नसतो, एक रस्ता झालेला नसतो, एक फाइल हललेली नसते. एखादा दिवस ग्रुपवरच्या लिंका घ्या आणि दोन ढीग करा : ज्यात काही घडलं, आणि ज्यात कोणी कोणाला फक्त बोललं. दुसरा ढीग केवढा होतो ते आबांना आणि भाऊजींना दोघांनाही दाखवा. दोघांच्या साइट वेगळ्या असल्या तरी ढीग सारखाच निघेल, अशी माझी खात्री आहे.

पण मी पक्षपातासोबत जगता येतं असं का म्हटलं, ते सांगते. मराठी पत्रकारिता कधीच मत नसलेली नव्हती. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावर टिळकांचा केसरी विरोधात होता आणि आगरकरांचा सुधारक बाजूने. कोण कुठे उभं आहे हे वाचकाला पहिल्या ओळीपासून ठाऊक असायचं. आजही सामना हातात घेताना तो कोणाचं म्हणणं मांडणार हे वाचणाऱ्याला माहीत असतं, तरुण भारतचंही तसंच. भूमिका उघड असेल तर वाचक आपल्या बाजूने तेवढं वजा करून वाचतो. आबांनी त्यांना पटणारं वाचावं, भाऊजींनी त्यांना पटणारं. त्यात मला काही गैर दिसत नाही.

उलट, तुम्ही ज्या शांत, निष्पक्ष दिसणाऱ्या साइटच्या शोधात आहात तिच्यापासूनच कधी कधी सावध राहावं लागतं. 2009 ची विधानसभा निवडणूक आठवते का? त्या वेळी राज्यातल्या एकमेकांच्या स्पर्धक वृत्तपत्रांत एकाच नेत्याचं कौतुक शब्दन्शब्द सारखं छापून आलं होतं, आणि तेही वेगवेगळ्या वार्ताहरांच्या नावाने. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं आणि 'पेड न्यूज', म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हे शब्द तेव्हापासून गावोगाव माहीत झाले. त्या मजकुरात आरडाओरडा नव्हता, शिवीगाळ नव्हती. दिसायला ती साधी विकासकामांची बातमी होती. वृत्तपत्रांवर देखरेख करणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी, परांजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी, 2010 मध्ये यावर सविस्तर अहवाल लिहिला. नावं घेतलेला तो अहवाल कौन्सिलने प्रसिद्धच केला नाही. केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिल्यावर 2011 मध्ये तो लोकांसमोर आला. आवाज खाली आहे म्हणून बातमी निष्पक्ष, असं धरून चालू नका.

तेव्हा साइट कोणाच्या बाजूची हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ती आपल्या शब्दाची जबाबदारी घेते का, ते तपासा. बातमीखाली लिहिणाऱ्याचं नाव आहे की नुसतं 'टीम' किंवा 'वेब डेस्क'? 'सूत्रांची माहिती' ही सवय आहे की अडचणीपुरती सोय? निकालाची, अहवालाची, आदेशाची तारीख दिली आहे का? ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं घेतलं आहे का, की 'संपर्क होऊ शकला नाही' इतकंही लिहायची तसदी घेतलेली नाही? सगळ्यांत मोठी परीक्षा होते ती चूक झाल्यावर. चूक निघाली की काही साइट ती बातमी गुपचूप पुसून टाकतात. काही मात्र त्याच पानावर लिहितात की आधी असं लिहिलं होतं, ते चूक होतं, बरोबर हे आहे. अशी दुरुस्ती लिहिणारी साइट आबांच्या बाजूची असो की भाऊजींच्या, ती मी वाचते. दुरुस्ती कधीच न करणारी साइट माझ्या मताची असली तरी मला नको.

तक्रारीचं विचाराल तर वाट आहे, पण अरुंद आहे. मथळा खालच्या मजकुराला धरून असावा, आणि मथळ्यात आरोप असेल तर तो कोणी केला ते सांगावं किंवा निदान अवतरणचिन्हं तरी लावावीत, असं प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतच लिहिलं आहे. पण कौन्सिलचा अधिकार छापील वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरता. ऑनलाइन माध्यमांसाठी केंद्राने 2021 मध्ये नियम आणले, त्यात प्रत्येक साइटने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा होता. सरकारच बातम्यांवर देखरेख करणार, या भीतीने ते नियम न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2021 मध्ये त्यातल्या आचारसंहितेच्या भागाला स्थगिती दिली. ती भीती मला रास्त वाटते. मथळ्यांचा बंदोबस्त मंत्रालयाच्या हाती देणं म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम. तरीही बऱ्याच मोठ्या साइटवर, अगदी तळाशी, तक्रारीसाठी नाव आणि ईमेल दिलेला असतो. जाऊबाईंनी वाचलेला मथळा अजून सापडला तर त्याचा स्क्रीनशॉट, शासन निर्णयाची तारीख आणि 'मथळा दुरुस्त करा' एवढी एक ओळ पाठवा. यूट्यूबनेही डिसेंबर 2024 मध्ये भारतासाठी जाहीर केलं की ताज्या घडामोडींच्या व्हिडिओत जे नाहीच ते शीर्षकात किंवा थंबनेलवर लिहिलं, तर असे व्हिडिओ काढले जातील. तेव्हा 'मोठा राजकीय भूकंप' लिहून आत काहीच नसलेला व्हिडिओ दिसला की तक्रारीचं बटण दाबायला संकोचू नका. आणि जाऊबाईंच्या फोनवर ती बातमी पुन्हा आली तर तिच्या बाजूच्या तीन टिंबांवर दाबून 'या साइटच्या बातम्या दाखवू नका' निवडा. हे काम दोन मिनिटांचं आहे, ते त्यांच्या शेजारी बसून करा आणि त्यांनाही शिकवा.

आता ग्रुप. सोडू नका. तुम्ही बाहेर पडलात तर लिंका थांबणार नाहीत, फक्त 'बाई, खरं काय' असं विचारणारा आवाज तिथून जाईल. पण पंच होणंही थांबवा. रोज कोण खरं, कोण खोटं हे ठरवत बसलात तर दोघंही तुमच्यावर चिडतील. एकच नियम मांडा, आणि तो दोघांना सारखा : लिंक टाकणाऱ्याने ती उघडून वाचायची आणि खाली स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहायची, काय घडलं, कधी घडलं, कोणी सांगितलं. आबांना टाइप करायला जमत नसेल तर आवाजात पाठवू द्या. मत मांडायला बंदी नको, भांडायलाही बंदी नको. ओळ नसेल तर लिंकला कोणी उत्तर द्यायचं नाही, इतकंच. न वाचलेली लिंक कोणी टाकत नाही असं झालं की ग्रुपवरचा निम्मा गोंगाट आपोआप कमी होईल.

मात्र एक गोष्ट मोकळेपणाने सांगते, कारण तुम्ही साइट बदलून घर सांधायला निघाला आहात. आबांची निष्ठा कुठल्या साइटने घडवलेली नाही. परक्या शहरात एकट्या पडलेल्या तरुणाला ज्या शाखेने आधार दिला, ज्या लोकांनी नोकरी-खोलीसाठी धावपळ केली, त्या माणसांशी ती बांधलेली आहे. भाऊजींनी बाजू बदलली तेव्हा आबांना ते राजकारण वाटलं नसेल, आपल्या तरुणपणाला मुलाने नावं ठेवली असं वाटलं असेल. आणि भाऊजी सातारा जिल्ह्यातलेच. आपल्या जिल्ह्यातला, दरे गावचा माणूस मुख्यमंत्री झाला याचा त्यांना झालेला आनंद खरा आहे, तो घरात कोणी वाटून घेतला नाही. हे दुखणं कितीही अचूक बातमी वाचून बरं होणार नाही. ग्रुपवर एकमेकांच्या तोंडावर फेकलेल्या त्या लिंका म्हणजे दोघांना जे तोंडाने बोलता येत नाही त्याची जागा घेणारं काहीतरी आहे, असं मला तुमचं पत्र वाचून वाटलं.

म्हणून ग्रुप सोडून दे असं सांगणाऱ्या तुमच्या मिस्टरांनाच एक काम द्या. ते भाऊजींपेक्षा मोठे आहेत. भाऊजींना फोन न करता थेट पुण्याला जाऊन यावं, एक रात्र राहावं, आणि आबांचं नाव काढावं ते राजकारणाशिवाय. आबांशी बोलणं तुम्ही करा, तुमचं ते ऐकतात असं पत्रावरून दिसतं. त्यांना मुंबईच्या दिवसांबद्दल विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. मग दिवाळीला भाऊजी यावेत असं त्यांना वाटतं का, ते विचारा. 'हो' म्हणाले तर तो निरोप त्यांनी स्वतः द्यायचा. ग्रुपवर टाकायचा नाही, फोन लावून द्यायचा.